पेरीनमायचा गाडा

मी फ्रेंच पलटणीत होतो तेवढ्या काळात आमचे तीन कर्नल बदलले, पण माय एकच राहिली. पेरीन गोदमार तिचं नाव. सरकारी परवान्याची कॅन्टीनवाली. दंडावर पितळी बिल्ला, खांद्यावरून पट्ट्याने लटकवलेला ब्रँडीचा लहानसा बुधला, निळं जाकीट, लाल विजारीवर गुडघ्यापर्यंतचा घागरा आणि पायात पुरुषी बूट. आम्ही पुढे चालायचो आणि मागून तिचा दोन चाकांचा, खेचर जुंपलेला गाडा यायचा. त्यात वाइन, ब्रँडी, तंबाखू, साबण, सुई-दोरा, चीज, कधी नशीब असेल तर सॉसेज. सरकार जे देत नाही ते मायकडे मिळायचं.

मी एमे ताबुरो, दुसऱ्या कंपनीचा कॉर्पोरल. तिच्याबद्दल बोलायला मी काही मोठा माणूस नाही. पण त्या थंडीत तिने ज्यांना जगवलं त्यांतला मी एक, म्हणून सांगतो.

तिची विकायची रीत वेगळी होती. ब्रँडीत पाणी कधी घातलं नाही आणि तिसरा पेला कुणाला दिला नाही. तंबाखू मागायला गेलं की आधी विचारायची, "आईला पत्र लिहिलंस?"

"लिहीन की, माय."

"मग तंबाखूही देईन की."

तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुणाची आई कुठल्या गावची, कुणाच्या बहिणीला मुलगा झाला, कुणाच्या बापाची गाय मेली, हे सगळं तिच्या ध्यानात असायचं. आठशे माणसांची पलटण, आणि नाव चुकलेलं मी तरी ऐकलं नाही.

तिचा नवरा अन्सेल्म आमच्याच पलटणीत सार्जंट. उंच, शांत माणूस. दोघं अल्जेरियातली उन्हं एकत्र काढून आलेली. अठराशे चौपन्न सालच्या उन्हाळ्यात आम्हाला रशियाविरुद्ध लढायला जहाजात घातलं आणि काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरात उतरवलं. तिथे एक गोळी सुटायच्या आधीच पटकीने पलटण निम्मी झोपवली. अन्सेल्म दोन दिवसांत गेला. मायने त्याला स्वतः धुतला, स्वतः खड्ड्यापर्यंत नेला. परत आली ती त्याचे बूट हातात घेऊन. माझ्या बुटांचे तळवे तेव्हा दोरीने बांधलेले होते. तिने बूट माझ्यासमोर ठेवले.

"घाल."

"माय, हे अन्सेल्मचे..."

"त्याला आता कुठे चालायचंय? तुला चालायचंय. घाल."

मी घातले. एक बोट मोठे होत होते. त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलताना तिने नजर माझ्या कमरेखाली उतरू दिली नाही. तिचं रडणं मला तेवढंच दिसलं. त्याला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने गाड्यावरची ताडपत्री उघडली आणि विक्री सुरू केली.

आता फौजेचा एक नियम आहे. कॅन्टीनचा परवाना मिळतो तो पलटणीतल्या शिपायाच्या बायकोला. नवरा मेला की बाईने पलटणीतल्याच दुसऱ्या माणसाशी लग्न करायचं, नाहीतर बिल्ला परत द्यायचा आणि घरचा रस्ता धरायचा. रशियनांच्या सेवास्तोपोल किल्ल्यासमोर आम्ही तंबू ठोकले तेव्हा ॲडज्युटंट लेसूर नियमांची वही काखेत घेऊन तिच्या गाड्याशी आले. हा माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या पोटात भूक लागली तरी ती आधी नियमात बसते का ते बघायचे, अशी जात.

"मादाम गोदमार, तुम्ही विधवा आहात."

"मला माहीत आहे, साहेब. मी तिथेच होते."

लेसूर जरा ओशाळले. "तसं नाही. पण परवान्याचं बघावं लागेल."

प्रकरण कर्नलसाहेबांकडे गेलं. ते तिला आफ्रिकेपासून ओळखत होते. त्यांनी मिशी चावत सांगितलं, वर्षाअखेरपर्यंत मुदत. तोवर लग्न, नाहीतर मार्सेयचं जहाज. माय म्हणाली, "वर्षाअखेर म्हणजे पुष्कळ लांब आहे, साहेब. तोवर रशियन गोळा काय ते ठरवून टाकेल." आणि कांदे चिरायला निघून गेली.

नोव्हेंबर लागला. ज्याने ते पठार पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. झाड नाही, झुडूप नाही. होते नव्हते ते द्राक्षवेल पहिल्याच महिन्यात आम्ही जाळले, मग त्यांची मुळं उकरून जाळली, मग जाळायला काही उरलं नाही. कच्ची कॉफी बुटाच्या टाचेने कुटून गार पाण्यात भिजवून पिणारी माणसं मी पाहिली. मला हगवण आणि ताप दोन्ही एकदम लागले आणि मी आजाऱ्यांच्या तंबूत पडलो. आम्ही अठराजण होतो. खाली गवत, वर कापड.

चौदा तारखेच्या सकाळी, नुकतं उजाडलं होतं, तेव्हा वादळ आलं. आधी पाऊस, आडवा, गारगोट्या फेकल्यासारखा. मग वारा असा की तंबूच्या मेखा जमिनीतून दात उपटावा तशा उपटल्या गेल्या. एका क्षणी डोक्यावर कापड होतं, दुसऱ्या क्षणी आभाळ. शेजारच्या कंपनीचा तंबू पक्ष्यासारखा उडत समुद्राकडे गेला. अख्ख्या छावणीत एक तंबू उभा राहिला नाही. पिंपं, टोप्या, कोंबड्या, कर्नलसाहेबांचं टेबल, सगळं गडगडत चाललेलं. आम्हा आजाऱ्यांकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? जो तो जमिनीला धरून पडलेला.

माय रांगत आली. खरंच रांगत, कारण उभं राहता येत नव्हतं. तिच्याबरोबर दवाखान्याचा एक मदतनीस आणि पलटणीचा सुतार इलेर मोन्शो. इलेरची ओळख करून द्यायला हवी. पंचेचाळिशीचा, छातीपर्यंत दाढी, चामड्याचा एप्रन, खांद्यावर कुऱ्हाड. बोलायचा इतका कमी की नवीन आलेल्यांना तो मुका वाटायचा.

छावणीमागे शंभर पावलांवर दगडाची एक जुनी खाण होती. आत शिरलं की वाऱ्याचा नुसता आवाज ऐकू यायचा. त्या तिघांनी आम्हाला घोंगड्यांवर घालून एकेक करून तिकडे ओढलं. मला ओढलं ते मायने. मी म्हणत होतो, "मला राहू दे, माय," आणि ती शिव्या देत होती. वाऱ्यात शिव्या नीट ऐकू येत नव्हत्या, पण सूर कळत होता.

अठराही जण आत आले. मग तिने आणि इलेरने खेचर सोडून गाडा ढकलत आणला आणि खाणीच्या तोंडाशी आडवा लावला, आडोसा म्हणून. दुपार व्हायच्या आत पावसाचं बर्फ झालं. आम्ही सगळे चिंब. माझ्या शेजारी ब्रेतांय प्रांताचा एक पोरसवदा शिपाई होता, तो थरथरायचा थांबला. ते वाईट लक्षण, हे मायला माहीत होतं. तिने त्याच्या गालावर दोन थपडा मारल्या, ब्रँडीचा घोट ओठाशी लावला. तो बाहेरच सांडला.

ती उठली, गाड्यातला माल खाली काढला. कॉफीचं पोतं, साखर, मोठं पातेलं. मग गाड्याच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, "इलेर, फोड हा."

इलेरने कुऱ्हाड खांद्यावरून काढलीच नाही.

"बहिरा झालास का?"

"ओकच्या लाकडाचं काम आहे, माय." मी त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. "बारा आरे, एकही सैल नाही. असं काम फोडवत नाही."

"मग कुऱ्हाड मला दे."

"माय, गाडा गेला तर तू काय करशील?"

"ते उद्याचं बघू. हा पोरगा उद्यापर्यंत थांबतोय का विचार त्याला."

मदतनीस म्हणाला, "मादाम, लाकूड ओलं आहे, पेटायचं नाही." ब्रँडीचं मोठं पिंप मायने लाथेने जवळ आणलं आणि बूच काढलं. वार्नापासून जपत आणलेली, अख्ख्या हिवाळ्याची ब्रँडी. इलेरने एकदा चाकाकडे पाहिलं, दाढीतल्या दाढीत काहीतरी पुटपुटला आणि घाव घातला.

त्या आगीचा रंग मला आजही आठवतो, बुडाला निळा. आधी चाकं जळली, मग बाजूच्या फळ्या, मग दांड्या. ती हिशेबाने एकेक तुकडा घालत होती, एकदम भडका होऊ देत नव्हती. पातेल्यात बर्फ वितळवून कॉफी उकळली, त्यात सगळी साखर ओतली. ज्याची अवस्था सर्वांत वाईट त्याला आधी, असा क्रम. आमच्यात एक लेफ्टनंट होता, त्याने हात पुढे केला. माय म्हणाली, "साहेब, तुम्ही अजून हात पुढे करू शकता. तुमचा नंबर सातवा." लेफ्टनंट हसला आणि हात घोंगडीत घेतला. तो हसला म्हणून आम्हीही हसलो. दिवसभरात पहिल्यांदा.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा अठरातले सोळा जिवंत होतो. ब्रेतांयचा पोरगाही. गाड्यातलं उरलं होतं ते लोखंड: चाकांच्या दोन धावा, आस आणि मूठभर खिळे. मायने ते राखेतून काढून एका बाजूला ठेवले. तोंडाला काजळी, भुवया जळालेल्या. मी "माय, तुझे उपकार..." असं काही सुरू केलं तर म्हणाली, "कॉफी संपव. तळाशी साखर आहे."

त्या वादळात खाली बंदरात कितीतरी जहाजं फुटली. आमचे गरम कपडे, औषधं, चारा बुडाला. पुढचे दिवस बोलण्यासारखे नव्हते. अशात आठवड्याभराने लेसूर पुन्हा आले. त्यांनाही हे काम नको होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"मादाम, आता तर गाडाही नाही. नवरा नाही, गाडा नाही, माल नाही. मी कॅन्टीन कशाला म्हणू?"

मायने खांद्यावरचा बुधला हलवून दाखवला. आत घोटभर काही वाजलं. "याला म्हणा."

"वर्षाअखेर, मादाम. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही."

ही बातमी पलटणभर झाली आणि मग जो तमाशा सुरू झाला तो काय सांगू. खंदकातून परतलेली, चिखलाने माखलेली माणसं दाढ्या करायला लागली. तिच्या फाटक्या तंबूसमोर रांग. बँडचा म्होरक्या पिकावे सर्वांत आधी. मिशांना मेणबत्तीचं मेण लावून, छाती काढून.

"पेरीन, माझ्यासारखा उंच नवरा पलटणीत दुसरा नाही."

"खरं आहे. रशियनांनाही तू लांबून दिसशील. मला दोनदा विधवा व्हायचं नाही."

स्वयंपाक्याने सांगितलं की तो तिला रोज सूप देईल. "तुझं सूप मी चाखलंय," ती म्हणाली, "म्हणूनच तर मी स्वतः रांधते." तिसरा आला तर त्याला तिने आठवण करून दिली की त्याची बायको नॉन्सीला जिवंत आहे आणि सप्टेंबरमध्ये तिचं पत्रही आलं होतं. लोक पोट धरून हसायचे. पण ती आत गेली की कुणी हसत नसे. डिसेंबर सरत होता.

मीही गेलो. आता लपवून काय करू? माझा ताप उतरला होता, मी उभा राहू शकत होतो. टोपी हातात घेतली.

"माय, मी म्हणजे... तू मला जगवलंस. माझं नाव लावलंस तर तुझा परवाना राहील. मी तुला कधी त्रास देणार नाही."

ती या वेळी हसली नाही. मला पिंपावर बसायला लावलं.

"एमे, तुझं वय काय?"

"चोवीस."

"मी अडतीसची. तुला माझी दया येते, आणि वर उपकाराचं ओझं. या दोन गोष्टींवर बाई वर्षभर चूल पेटवू शकत नाही. तू गावी जाशील, तिथे एखादी गुबगुबीत पोरगी असेल, आणि तू मला बघून सुस्कारे टाकशील. मला ते बघवणार नाही." मग माझ्या गालावर हात ठेवला. "पण तू मनापासून विचारलंस. तेवढं मी ठेवून घेते."

मी तंबूबाहेर आलो. खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं आणि रडूही आलं.

या सगळ्या रांगेत एक माणूस कधी दिसला नाही. इलेर मोन्शो. तो पहारा नसला की रोज सकाळी पाठीवर दोर टाकून बंदराकडे जायचा, तीन मैल चिखलातून, आणि फुटलेल्या जहाजांची लाकडं ओढत आणायचा. आम्हाला वाटायचं सरपण. दोन-चार जणांनी मागितलंही. त्याने कुऱ्हाड नुसती दुसऱ्या खांद्यावर घेतली, ते परत गेले. मग त्याच खाणीत त्याचं ठोकाठोकीचं काम सुरू झालं.

ख्रिसमसच्या दोन दिवस आधी मायने मला बोलावलं. "चल माझ्याबरोबर. हा सुतार काय करतो ते बघू." आम्ही खाणीत गेलो. बर्फ पडून गेलेलं, लख्ख ऊन. इलेर गुडघ्यावर बसून चाकावर धाव चढवत होता. तीच जुनी धाव, राखेतली. शेजारी दुसरं चाक तयार, दांड्या तयार, आणि मागची फळी एखाद्या जहाजाच्या दरवाजाची, पितळी कडीसकट.

माय चाकाभोवती फिरली. आरे एकेक करून हलवून पाहिले. चौदा वर्षं गाडा हाकलेली बाई, तिला कळत होतं.

"दहाच आरे?"

"लाकूड तेवढंच मिळालं." इलेर वर न बघता म्हणाला. "पण हे बुडणार नाही. जहाजाचं आहे."

"हे कुणी सांगितलं तुला करायला?"

"फोडलं मी. जोडायचंही मलाच."

"इलेर, सगळी पलटण मला लग्नाचं विचारून गेली. तू नाही आलास."

त्याने धावेवर एक घाव घातला, दुसरा घातला. मग म्हणाला, "गाडा गुरुवारी होईल. गाड्याच्या बदल्यात बायको मागितली असं लोक म्हणाले असते. म्हणून नाही आलो."

"आणि लोक नसते तर?"

आता त्याने हातोडा खाली ठेवला. दाढीच्या वर जेवढा चेहरा दिसत होता तेवढा लाल झाला. "मी घोरतो," तो म्हणाला.

"अन्सेल्मही घोरायचा."

"ब्रँडी मला सोसत नाही. तुझ्या गाड्याशी यायला आठ वर्षं दोराच घेत आलोय. पिशवीत आता दोऱ्याशिवाय काही मावत नाही."

माझ्याकडे बघून माय म्हणाली, "एमे, तू जरा बाहेर थांब." मी थांबलो. आतून तिचं हसणं ऐकू आलं. वार्नानंतर ते हसणं मी ऐकलं नव्हतं, म्हणजे थट्टेचं ऐकलं होतं, हे नव्हतं. मग ते थांबलं आणि ती रडायला लागली, चांगली मोठ्याने, मोठ्या बाईसारखी नाही, लहान मुलीसारखी. इलेरचा आवाज काही ऐकू आला नाही. तो बोललाच नसेल.

एकतीस डिसेंबरच्या सकाळी पलटणीच्या पाद्रीबाबांनी लग्न लावलं. मागे तोफा चालूच होत्या, "हो" म्हणायला दोघांनाही ओरडावं लागलं. कर्नलसाहेबांनी बापाच्या जागी नवरीला हात देऊन पुढे आणलं. साक्षीदार म्हणून सही करायला लेसूर पुढे आले. कुणी बोलावलं नव्हतं. सही करून त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "आता नियमात बसतं, मादाम मोन्शो." आणि झटकन तोंड फिरवून नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी, वर्षाच्या पहिल्या दिवशी, ती खंदकात आली. गाडा शेवटच्या वळणावर ठेवून, पातेलं पाठीला बांधून, वाकून. गोळे डोक्यावरून जात होते. तिने प्रत्येकाला कांद्याचं गरम सूप वाढलं. पैसे द्यायला कुणी खिसा चाचपला तर म्हणायची, "आज माझ्या लग्नाचं जेवण आहे. उद्यापासून दोन सू."

ती अख्खा हिवाळा अशीच येत राहिली. सप्टेंबरमध्ये शेवटचा हल्ला झाला तेव्हा ती पाण्याच्या पखाली घेऊन आमच्या मागोमाग चढावर आली. डाव्या हाताच्या कोपराखालून गोळी आरपार गेली. इलेरने तिला खाली न्यायला पाहिलं तर म्हणाली, "उजवा आहे ना," आणि दुपारपर्यंत एका हाताने पाणी पाजत राहिली. पुढे तिला पदक मिळालं. सगळी पलटण उभी करून कर्नलसाहेबांनी स्वतः तिच्या जाकिटाला लावलं. आम्ही एवढे ओरडलो की खेचर बिथरलं.

छप्पन साली आम्ही मार्सेयला उतरलो. धक्क्यावर गर्दी, बायका फुलं फेकताहेत, बँड वाजतोय, पिकावेच्या मिशांना पुन्हा खरं मेण. माझी नोकरी संपली होती, मला गावची गाडी धरायची होती. मी मायला शोधत होतो निरोप घ्यायला. ती मिरवणुकीत नव्हती. मागे, मालाच्या ढिगाशी, इलेर गाड्याची आस तेलाने पुसत होता आणि ती एका भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. पदक एप्रनखाली झाकलेलं.

"हे कांदे? हे तर मी रशियनांनाही दिले नसते. उद्या सकाळी आम्ही ल्योंला चालत निघतोय, अख्खी पलटण आहे माझी. चांगले काढ." मग मला बघितलं, डावा हात नीट वळत नव्हता म्हणून उजव्याने मान जवळ ओढली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. "चाललास? बरं. सुखी राहा." लगेच भाजीवाल्याकडे वळली, "ए, कुठे बघतोस? अजून एक पोतं टाक!"